चार बोटांची जागा

३ जानेवारी

दादा,

आधी हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या काकांना नमस्कार. तुझा पत्ता प्लायवूडच्या ट्रकवाल्याकडून मिळाला. तू मोठ्या गॅरेजात आहेस आणि तिथले स्टोअर सांभाळणारे काका, ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं जेवणाच्या सुट्टीत वाचून देतात, असं तो म्हणाला. काका, माझं अक्षर लागत नसेल तर माफ करा. मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर अक्षर बरं येतं, कागदावर घाई होते.

फोन मी तीनदा केला. माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. पत्र मात्र काका निम्म्यात ठेवणार नाहीत, एवढ्या आशेवर लिहिते आहे.

काम असं आहे. टेकडीवर नवीन वसतिगृह होतंय, त्याच्या दोनशे दहा खिडक्यांच्या काचा बसवायचं काम बाबांना मिळालंय. बाबांचा उजवा हात आहे तसाच आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नाहीत, त्यामुळे काच कापायची हिरकणी हातात धरता येत नाही. काच आता मी कापते, शाळा सुटल्यावर. पहिल्या वर्षी खूप वाया गेली. आता बाबा फक्त बाजूला बसून नाकाने आवाज काढतात. एकदा आवाज काढला तर थांबायचं, दोनदा काढला तर काच बदलायची.

गाडी घ्यायची आहे. जुनी भंगारात गेली तेव्हापासून भाड्याच्या टेम्पोवर चाललंय, आणि भाड्याचा टेम्पो टेकडीवर यायला तयार नाही. दोन गाड्या समोर आहेत. एक लहान पिकअप. मागे लांब हौदा, पुढे दोनच जागा, जोर फक्त मागच्या चाकांना. दुसरी जीप, चारही चाकांना जोर असलेली, पाच माणसं बसतील अशी, वर कॅरिअर. टेकडीचा रस्ता तुला माहीत आहे. वरचा अर्धा रस्ता म्हणजे नुसते दगड उरलेत.

बाबांना पिकअप हवी. काच उभी न्यायची वस्तू आहे, कॅरिअरवर आडवी घातली तर पहिल्या खड्ड्यात तिचा चुरा होईल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. जीपला ते मिरवायची गाडी म्हणतात. आईला जीप हवी. का, ते ती सांगत नाही. विचारलं की म्हणते, चार चाकं जोर लावतील तर बरंच ना, दोन चाकांनीच काय पाप केलंय.

आणि शेवटी दोघंही म्हणतात, तू शिकलेली आहेस, तू सांग. कर्ज माझ्या नावावर, लायसन्सही माझंच निघालंय. मी रिकाम्या मैदानात वळतानासुद्धा इंडिकेटर देते, म्हणून शिकवणारा हसत होता.

गाडीतलं कळतं तुला. मला कागद कळतो. म्हणून विचारते, कोणती घेऊ? महिनाअखेरीपर्यंत सांगायचं आहे.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तीन वर्षं झाली. गाडी वळणावर मागे घसरली, ते आता उगाळून काय होणार. हे वाक्य खोडायचं मनात होतं, पण खोडाखोड केली तर काकांना वाचायला त्रास होईल, म्हणून राहू दिलं.

तुझी,
मास्तरीण

(हे नाव तूच ठेवलं होतंस. आता खरोखरची झाले.)


१२ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. पत्र पोचायला पाच दिवस, काकांना वेळ मिळायला दोन दिवस, उत्तर यायला पाच दिवस, असा हिशेब केला तर आज काही यायला नकोच होतं. तरी मी मधल्या सुट्टीत घरी जाऊन बघून आले.

रविवारी बाबांना घेऊन शोरूममध्ये गेले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि खिशात सुतळी. तिथला विक्रेता माझ्याच वयाचा, मला मॅडम म्हणत होता आणि बाबांना काका. पिकअपच्या हौद्याची लांबी त्याने माहितीपत्रकातून वाचून दाखवली. बाबांनी ऐकून घेतली आणि मग सुतळी काढून हौदा मोजला. विक्रेता म्हणाला, काका, कंपनीने मोजूनच छापलंय. बाबा म्हणाले, कंपनीने मोजलं असेल, आपला घोडा कुठं मोजलाय.

काका, घोडा म्हणजे काच उभी ठेवायची लाकडी चौकट. दोन्ही बाजूंना उतरती असते, तिला काचा टेकवून बांधतात. आमचा घोडा बाबांनी स्वतः केलेला आहे, जुन्या दाराच्या सागवानाचा. चार माणसांशिवाय हलत नाही.

घोडा पिकअपमध्ये नीट बसतो. जीपमध्ये मागची बाकं काढली तरी हातभर बाहेर येतो.

मग बाबा मागच्या चाकापाशी खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. ते टायर आणि वरच्या मडगार्डच्या मधल्या जागेत बोटं घालत होते. तू घालायचास तशी. माल भरल्यावर चार बोटं आडवी गेली तर निघायचं, नाही गेली तर माल उतरवायचा. पण त्यांची ती दोन बोटं सरळ राहतात, बाकीच्या दोन बोटांना चिकटत नाहीत. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग हात पुसला आणि मला म्हणाले, तू घाल.

मी घातली. रिकामी गाडी, भरपूर जागा होती. मग एक शंका आली आणि अजून गेलेली नाही. चार बोटं म्हणजे कोणाची चार बोटं? मी घरी येऊन पट्टीने मोजली. माझी साडेसहा सेंटिमीटर भरतात. तुझा हात माझ्या दुप्पट होता. म्हणजे माझी चार बोटं गेली तरी तुझी दोनच गेली असती. हा नियम मी माझ्या हाताने पाळायचा ठरवला तर तो नियमच राहत नाही.

विक्रेत्याने सांगितलं, ही नऊशे किलो नेते. बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, वाच. छापलेलं होतं, नऊशे. मला ते वाचता आलं नाही. म्हणजे दिसत होतं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

आईही बरोबर आली होती. ती सरळ जीपमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली होती. एका टोकाला बसून तिने उरलेल्या बाकावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, इथे दोन माणसं आणि एक लहान सहज बसतील. तुझं लग्न झालंय का, हे आम्हाला माहीत नाही. ट्रकवाल्यालाही नव्हतं. आईने आपल्या मनाने धरलंय.

आता तुला कळलं असेल तिला जीप का हवी. मला पिकअप घ्यावीशी वाटते, आणि तसं वाटलं की वाटतं, मी तुझी जागाच काढून टाकते आहे.

मी वहीत दोन रकाने आखलेत. एका बाजूला पिकअप, एका बाजूला जीप. दोन्ही बाजूंना सात-सात मुद्दे झाले. मी आठवा शोधते आहे.

मास्तरीण


२२ जानेवारी

दादा,

काकांचं कार्ड आलं. पुन्हा पुन्हा वाचून पाठ झालंय. ‘तुमची दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तो म्हणतो, तिला म्हणावं, कागदाला विचार. बाकी काही बोलला नाही.’ आणि खाली, बारीक अक्षरात: ‘पहिलं पत्र त्याने दोनदा वाचायला लावलं. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे.’

काका, तुमचे उपकार. आता पुढचं जरा हळू वाचा. बाजूला बाकीची माणसं डबा खात असतील तर ती उठून जाईपर्यंत थांबा. नाही, थांबू नका. त्यांच्यासमोरच वाचा. बाबांनी दादाला बोल लावला तोही सगळ्या गल्लीसमोरच लावला होता.

दादा, कागद चुकला होता.

त्या सकाळी तू दोन बोटं दाखवलीस. चाकापाशी उकिडवा बसून म्हणालास, ‘बाबा, दोनच जाताहेत. दोन खेपा करू.’ बाबांनी मला विचारलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कोणी काही विचारलं की उत्तर येतं याची मला फार हौस होती. मी वही उघडली. गाडीची क्षमता साडेसातशे किलो. काच पाच मिलिमीटर जाडीची, एका चौरस मीटरला साडेबारा किलो. अठ्ठावन्न चौरस मीटर. सातशे पंचवीस. मी म्हणाले, पंचवीस किलो अजून शिल्लक आहेत.

बाबा तुला म्हणाले, ‘ती शिकली आहे. तुझी बोटं काय सांगणार तिला?’ तू गाडीत बसलास.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर, बाबांच्या हाताला टाके पडत होते तेव्हा, मी वही परत उघडली. काहीतरी करायला हवं म्हणून. गुणाकार बरोबर होता. मी हिशेबात घोडा धरला नव्हता. एवढा सागवानी घोडा, शंभर-सव्वाशे किलोचा, रोज डोळ्यासमोर असून धरला नव्हता. मागे काच धरून उभे असलेले बाबा धरले नव्हते. तुझ्या शेजारी मी बसले होते, मीसुद्धा स्वतःला धरलं नव्हतं. सगळं मिळून हजाराच्या घरात जात होतं. मला काचेचं वजन विचारलं म्हणून मी काचेचंच काढलं. शाळेत तसंच करतात. जेवढं विचारलं तेवढंच सोडवायचं.

म्हणून वळणावर मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला. पाटा तुटला म्हणून गाडी मागे गेली. तू तीही दगडाला टेकवून थांबवलीस, नाहीतर दरीत जात होतो. हे मला शेजारी बसून दिसलं होतं. आणि संध्याकाळी बाबा दारात उभे राहून म्हणाले की ह्याने वळण चुकवलं, ह्याच्या हातात गाडी दिली हीच माझी चूक. तेव्हा ती वही माझ्या पिशवीत होती. तू माझ्याकडे बघितलंस. मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तुला वाटत असेल, मला चूक कळलीच नव्हती. कळली होती. तू गाडीची किल्ली फळीवर ठेवून गेलास त्याच्या चार तास आधी कळली होती.

ते पान मी फाडलं नाही. एका बाजूने वाटतं, खरेपणा म्हणून ठेवलं. दुसऱ्या बाजूने वाटतं, फाडताना आवाज होईल म्हणून. रोज वर्गात मुलांना सांगते, उत्तर काढल्यावर परत मोजा.

बाबांना सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून मग सांगणार आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.


२४ जानेवारी

दादा,

सांगितलं.

बाबा दुकानात खिडकीच्या चौकटीला काच पक्की करायची लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते. मी वही पुढे धरली. त्यांना वाचता येत नाही, हे माहीत असून धरली. ते म्हणाले, ‘वाच.’ मी वाचलं. साडेबारा गुणिले अठ्ठावन्न. मग म्हणाले, ‘मग?’ मी म्हणाले, घोडा धरला नव्हता, बाबा. तुम्हालाही धरलं नव्हतं.

त्यांनी लांबीचा गोळा हातात फिरवला. फिरवतच राहिले. आई आतून चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मला वाटलं, आता मला बोलतील, आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

‘त्याने बोटं घातली तेव्हा मी बघितलं होतं,’ बाबा म्हणाले. ‘दोनच गेली होती. काच नेतोय मी तीस वर्षं, मला काय दिसत नव्हतं? पण घरात पहिल्यांदा कोणीतरी वही उघडून उत्तर दिलं होतं. ते खोटं पाडायला जीभ वळली नाही.’

मग ते लांबी भरायला लागले. चांगली भरली नाही, मी नंतर काढून परत भरली. आई म्हणाली, अहो, चहा. ते म्हणाले, ठेव. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि तुला लिहायला सांगितलं. आधी म्हणाले, प्रकृती बरी आहे लिही. मग म्हणाले, ते नको. मग म्हणाले, काम मिळालंय लिही. मी म्हणाले, ते लिहिलंय. शेवटी जे सांगितलं ते शब्दाला शब्द असं:

‘दोन खेपा करायला हव्या होत्या.’

मी विचारलं, अजून काही? म्हणाले, ‘एवढंच त्याने सांगितलं होतं. तेवढंच लिही.’

गाडीचं अजून ठरलेलं नाही. त्यांनी मला परत विचारलं नाही, म्हणून मला जास्तच धास्ती वाटते. शोरूममधून रोज फोन येतो.

आणि एक मागायचं आहे. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तुझा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. बोटं जोडलेली ठेव.


९ फेब्रुवारी

दादा,

हात मिळाला.

खाकी कागद, स्पेअर पार्टच्या खोक्याचा असावा. कडेला ग्रीसचा अंगठा उमटलाय. खाली काकांची एकच ओळ: ‘म्हणतो, यानं मोजा.’ चार बोटं आठ सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर भरली. मी तीनदा मोजली. दुप्पट नाहीस तू, मला उगाच तसं आठवत होतं.

आईने कागद घेतला आणि त्यावर आपला हात ठेवून बघितला. मग पदराने ग्रीसचा डाग पुसायला लागली, तर बाबा म्हणाले, राहू दे तो. मग त्यांनी आपला हात ठेवला. ती दोन बोटं बाहेरच राहिली. त्यांनी डाव्या हाताने ती रेघेच्या आत दाबून धरली, थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढ्या रुंदीची काचेची पट्टी कापली, दहा मिलिमीटर जाडीची. हिरकणी मी चालवली, बाबांनी कागद धरला. नाकातून आवाज आला नाही. कडा घासून गुळगुळीत केल्या. ही पट्टी आता चाकापाशी धरायची. ती उभी गेली तर निघायचं.

रविवारी शोरूमवाल्यांकडून पिकअप चाचणीसाठी मागितली. रिकामी चालवून काय कळणार, आम्हाला माल घालून बघायची आहे, असं मी म्हणाले. विक्रेत्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, काच फुटली तर तुमची, गाडीला ओरखडा आला तर तोही तुमचा. मी ते लिहून घेतलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. बाबा हसले. तीन वर्षांनी, तेही माझ्या या सवयीला.

घोडा चढवला. मग काचा, एकेक. मी या वेळी सगळं धरलं होतं. घोडा, दोर, बाबा, मी, माझी पिशवीसुद्धा. कागदाप्रमाणे अजून सहा काचा बसत होत्या. बाबांनी पट्टी माझ्या हातात दिली. पट्टी अडकली.

मी म्हणाले, बाबा, कागदावर बसतंय. आणि म्हणाल्यावर माझ्याच कानाला ते कसं लागलं, तुला सांगता येत नाही.

‘मग?’ बाबा म्हणाले.

‘चार काचा उतरवू.’

पाच उतरवल्या तेव्हा पट्टी गेली. विक्रेता बघत होता. त्याला वाटलं असेल, ही माणसं काचेचा पूजापाठ करताहेत.

मग टेकडी. मी चालवली. बाबा मागे उभे राहणार होते, सवयीने. मी म्हणाले, पुढे बसा, नाहीतर मी किल्ली फिरवणार नाही. ते बसले. विक्रेता मोटरसायकलवरून मागून आला. दगडांचा रस्ता सुरू झाला तिथून पहिल्या गिअरवर. वळणापाशी मी इंडिकेटर दिला. तिथे तो दगड अजून आहे, आणि त्यावर आपल्या गाडीचा निळा रंग. बाबांनी तो बघितला. मान फिरवून, दिसेनासा होईपर्यंत बघितला. ‘इथं थांबवली त्याने,’ एवढंच बोलले.

गाडी चढली. हळू, कुरकुरत, पण चढली. एकही काच तडकली नाही. उरलेल्या पाच दुसऱ्या खेपेला नेल्या.

म्हणून पिकअप घेतली. सात-सात मुद्दे अजून तसेच आहेत, आठवा कोणत्याच बाजूला सापडला नाही. दोन खेपा करायच्या तर चार चाकांचा जोर लागत नाही, एवढंच कळलं.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा तिला म्हणाले, ‘अगं, त्याला बसायला गाडी कशाला? आला तर घरात बसेल.’ ती म्हणाली, मग ती कोपऱ्यातली काचेची खोकी हलवा तिथून, बसायला जागा तरी करा. ती खोकी तू गेलास तेव्हापासून तुझ्या खाटेवर होती. काल आम्ही ती हलवली.

आणखी एक, हे मी कोणाला विचारून लिहीत नाही. पिकअपमध्ये दोनच जागा आहेत. एक बाबांची. दुसरीवर मी बसते, उशीला टेकून, कारण माझे पाय क्लचपर्यंत पुरत नाहीत. एकशे नव्वद खिडक्या अजून बाकी आहेत. त्यातल्या कोणत्याही खेपेला तू आलास, तर मी उशी घेऊन उतरेन.

किल्ली फळीवर ठेवत जाते, तू ठेवली होतीस तिथेच.

मास्तरीण